लिंबूटिंबूंच्या गावी

गल्लीत पकडापकडीचा डाव ऐन रंगात आलेला असतो. तेवढ्यात कुणाचा तरी धाकटा भाऊ येतो आणि ‘मला पण घ्या’ म्हणून हट्ट धरतो. मग मोठी मुलं काय करतात? त्याला लिंबूटिंबू करून टाकतात! लिंबूटिंबूनं हवं तेवढं पळावं, हवं तेवढं ओरडावं. पण तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य नाही. म्हणजे तो खेळात असतो आणि नसतोही.

तुमच्यापैकी कितीतरी जण कधी ना कधी लिंबूटिंबू झाले असतील. मीही झाले आहे. म्हणूनच आज मी तुम्हाला लिंबूटिंबूंच्या गावी नेणार आहे. गाव तसं लहान नाही. आठ लाखांच्या वर वस्तीचं शहर आहे. मी स्वतः तिथे गेलेले नाही, तेव्हा हा प्रवास तुमचा आणि माझा दोघांचाही पहिलाच. नकाशे, छायाचित्रं आणि एका सामन्याचं चित्रीकरण एवढी शिदोरी घेऊन निघू या.

नकाशाचं पुस्तक काढा. अमेरिकेच्या वरच्या भागात पाच मोठाली सरोवरं दिसतील. त्यातलं मिशिगन सरोवर एखाद्या लांबट वांग्यासारखं खाली लोंबतंय. त्याच्या तळाशी बोट ठेवा आणि थोडं खाली या. हे इंडियाना राज्य. आणि राज्याच्या मधोमध जो ठिपका आहे, ते राजधानीचं शहर इंडियानापोलिस. ग्रीक भाषेत ‘पोलिस’ म्हणजे नगर.

दिवस कुठला? रविवार, ४ एप्रिल २०१०. ईस्टरचा सण आहे. पण शहराच्या उत्तरेकडच्या एका छोट्या विद्यापीठात सणाहूनही मोठी एक गोष्ट मनात घोळते आहे. उद्या सामना आहे!

विद्यापीठाचं नाव बटलर. विद्यार्थी जेमतेम चार हजारांवर. अमेरिकेत दरवर्षी मार्च महिन्यात महाविद्यालयांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा सुरू होते. २०१० साली तिच्यात ६५ संघ होते. नियम अगदी कडक. एक सामना हरलात की गाशा गुंडाळा आणि घरी जा. संघ चार गटांत वाटतात आणि प्रत्येक गटात ताकदीप्रमाणे क्रमांक देतात. बटलरला त्यांच्या गटात पाचवा क्रमांक मिळाला होता. म्हणजे, एखाददुसरा सामना जिंका आणि शहाण्यासारखे परत या!

पण बटलर परत गेलं नाही. पहिल्या फेरीत जिंकलं. दुसऱ्या फेरीत मरे स्टेटला ५४-५२ असं हरवलं, फक्त दोन गुणांनी! मग गटात पहिल्या क्रमांकाच्या सिरॅक्यूजला ६३-५९ आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कॅन्सस स्टेटला ६३-५६ असं हरवलं. आता उरले चारच संघ. हे शेवटचे सामने कुठल्या शहरात व्हायचे ते काही वर्षं आधीच ठरलेलं असतं. २०१० साली ते शहर होतं इंडियानापोलिस. म्हणजे बटलरच्या दारातच! शनिवारी, ३ एप्रिलला, उपान्त्य सामन्यात बटलरनं मिशिगन स्टेटलाही ५२-५० असं हरवलं. पुन्हा दोनच गुण.

आणि आता सोमवारी रात्री अंतिम सामना. समोर ड्यूक विद्यापीठ. त्यांच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे माइक शशेव्हस्की यांनी, १९९१, १९९२ आणि २००१ अशी तीनदा ही स्पर्धा जिंकून दिलेली. बटलरनं ती एकदाही जिंकलेली नाही. बटलरचे प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स तर अवघे ३३ वर्षांचे.

सामन्याच्या आदल्या दिवशी कसं वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको. जेवण जात नाही. तेच तेच बोलणं पुन्हा होतं. ‘आपला हा उंच आहे, पण त्यांचा तो आणखी उंच आहे.’ ‘शनिवारी घातलेलाच शर्ट उद्या घालायचा हं!’ लहान संघाच्या पाठीराख्यांच्या पोटात आणखी एक गोळा असतो. नुसतं हरण्याचं त्यांना फारसं भय नसतं. भय असतं ते हसं होण्याचं. ‘यांना उगाच इथवर येऊ दिलं,’ असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यांना वाटत असतं.

घरात बसून हा गोळा काही जायचा नाही. चला, आपण पायीच निघू. बटलरच्या खेळगृहापासून उद्याच्या सामन्याच्या स्टेडियमपर्यंत दहाएक किलोमीटरची वाट आहे. वाटेत बघण्यासारखं पुष्कळ आहे.

हे पाहा, हेच ते खेळगृह. हिंकल फील्डहाऊस. विटांची मोठी इमारत, वर कमानीसारखं छप्पर. १९२८ साली बांधलं, तेव्हा पंधरा हजार माणसं मावायची. पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेतलं सर्वांत मोठं बास्केटबॉल खेळगृह हेच होतं. आत पोलादी कैच्या आहेत, लाकडी बाकं आहेत आणि उंच उंच खिडक्या आहेत. दुपारी ऊन त्या खिडक्यांतून तिरपं आत येतं. दुसऱ्या महायुद्धात इथे सैनिक मुक्कामाला होते.

ज्यांचं नाव या इमारतीला दिलंय ते टोनी हिंकल बटलरमध्ये चाळीसहून अधिक वर्षं बास्केटबॉल शिकवत होते. बास्केटबॉलचा चेंडू नारिंगी का असतो, ठाऊक आहे? पूर्वी तो मातकट तपकिरी असायचा. खेळाडूंना आणि प्रेक्षकांना चटकन दिसायचा नाही. हिंकल सरांनी एका चेंडू बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीनं १९५० नंतरच्या दशकात नारिंगी चेंडू आणला. पुढच्या वेळी तो चेंडू हातात घ्याल, तेव्हा सरांची आठवण काढा.

आत आलोच आहोत, तर एक गोष्ट इथेच बसून ऐकू या. इंडियानात बास्केटबॉलचं एवढं वेड का? इथली बरीचशी गावं शेतीची, मक्याच्या शेतांमध्ये वसलेली. हिवाळ्यात बर्फ पडतं, शेतातली कामं थांबतात. संध्याकाळ घालवायची कशी? बास्केटबॉलला तर पाचच गडी पुरतात! अगदी छोट्या शाळेतही पाच जण सापडतात. गोठ्याच्या भिंतीला एक रिंग ठोकली की झालं मैदान.

राज्यातल्या शाळांची स्पर्धा व्हायची, तीही एकच. मोठ्या शाळा वेगळ्या आणि छोट्या वेगळ्या, असा भेद १९९७ पर्यंत नव्हता. १९५४ साली मायलन नावाच्या एका खेड्यातली शाळा अंतिम सामन्याला इथे, याच खेळगृहात आली. त्या माध्यमिक शाळेत मुलं किती होती? अवघी १६१. समोर मन्सी सेंट्रल ही कितीतरी पटींनी मोठी शाळा.

शेवटच्या भागात मायलनच्या बॉबी प्लम्पनं चेंडू हातात धरला आणि तो नुसता उभा राहिला. एक मिनिट, दोन, तीन, चार मिनिटं! तेव्हा तसं चालत असे, वेळेचं बंधन नव्हतं. पंधरा हजार माणसं बघताहेत, समोरचे खेळाडू चक्रावलेत आणि हा उभाच. सामना शेवटी ३०-३० असा बरोबरीत आला. मोजके सेकंद उरले असताना बॉबीनं उडी मारून चेंडू फेकला. बास्केट! मायलन ३२, मन्सी ३०.

पुढे बॉबी शिकायला आणि खेळायला बटलरमध्येच आला. या कथेवरून स्फुरलेला ‘हूझियर्स’ नावाचा चित्रपट १९८६ साली निघाला. हूझियर म्हणजे इंडियानाचा रहिवासी. त्यातला एक प्रसंग इथेच चित्रित झालाय. खेड्यातली मुलं एवढं मोठं खेळगृह बघून बावरतात. तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मोजायची टेप काढतात आणि रिंगची उंची मोजायला सांगतात. ती भरते दहा फूट. गावातल्या रिंगइतकीच!

हे दहा फूट आले कुठून? १८९१ साली जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकांनी हा खेळ शोधून काढला. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. सज्जा होता दहा फुटांवर. टोपल्या गेल्या, जाळी आली. पण दहा फूट तेच राहिले.

चला, निघू या. विद्यापीठाच्या कडेनं हा जो शांत कालवा वाहतोय, तो १८३० नंतर खोदायला घेतला. पावणेपाचशे किलोमीटर लांब करायचा बेत होता. पण राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला. वाहता झाला तो इथला दहा-पंधरा किलोमीटरचा तुकडा. मोठे बेत नेहमीच तडीस जातात असं नाही. तरी पाहा, कालव्याकाठी लोक फिरताहेत, बदकं पोहताहेत.

दक्षिणेकडे चालत राहिलो की शहराच्या मध्यभागाच्या अलीकडे एक जुनी शाळा लागते. क्रिस्पस अटक्स हायस्कूल. १९२७ साली ही फक्त काळ्या मुलांसाठी काढली, कारण गोऱ्या मुलांबरोबर त्यांना शिकू द्यायचं नव्हतं. मित्रांनो, लिंबूटिंबू करण्याचाही हा एक प्रकार, आणि फार वाईट प्रकार! शाळेचं स्वतःचं खेळगृह इतकं लहान, की मोठे सामने त्यांना दुसरीकडे जाऊन खेळावे लागत. या शाळेत ऑस्कर रॉबर्टसन नावाचा मुलगा होता. पुढे तो जगातल्या थोर बास्केटबॉलपटूंपैकी एक झाला. मायलनच्या विजयानंतर एकाच वर्षानं, १९५५ साली, अटक्सनं राज्याची तीच स्पर्धा त्याच खेळगृहात जिंकली.

आता पुढे या. हा गोल चौक म्हणजे मॉन्युमेंट सर्कल. मधोमध सैनिकांच्या आठवणीसाठी उभारलेला २८४ फुटी उंच स्मारकस्तंभ. शहरातला जल्लोष व्हायचा तो इथेच. १९५५ साली अटक्सची मुलंही अग्निशमन दलाच्या गाडीवर चढून इथे आली. पण त्यांना थांबू दिलं नाही. चौकाला एक फेरी मारून गाडी थेट काळ्या वस्तीकडच्या उद्यानात पाठवली. ऑस्करला हे फार लागलं. पुढे त्यानं ते अनेकदा सांगितलं. कसं आहे पाहा, सामना रीतसर जिंकला होता, तरीही शहरानं त्यांना धरलं नाही. पुढच्याच वर्षी अटक्सनं एकही सामना न हरता पुन्हा ती स्पर्धा जिंकली.

या चौकात उभं राहून उद्याचा विचार केला, की पोटातला गोळा जरा वेगळा वाटू लागतो, नाही?

चौकापासून थोडं खाली गेलं, की समोर लुकास ऑइल स्टेडियम. २००८ साली उघडलेलं. विटांच्या रंगाचं, वर उतरतं छप्पर. लांबून बघितलं तर हिंकल फील्डहाऊसचा थोरला भाऊच वाटावा. छप्पर यंत्रानं सरकवून उघडता येतं. अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेल्या या अवाढव्य जागेत मधोमध लाकडी चौथरा घालून बास्केटबॉलचं मैदान केलंय. उद्या इथे सत्तर हजारांवर माणसं बसणार आहेत. बटलरमधला एकूण एक विद्यार्थी आला, तरी सोळा-सतरा माणसांत एकच जण त्यांचा! आणि गंमत बघा, दोन्ही विद्यापीठांचे रंग निळा आणि पांढरा. आपलं कोण, परकं कोण, हे रंगावरूनही लवकर कळायचं नाही.

रात्र झाली. झोपा आता. जमलं तर!

सोमवार उजाडला. बटलरच्या खेळाडूंनी सकाळी काय केलं असेल? त्यांच्यापैकी काही जण चक्क वर्गात जाऊन बसले! रात्री देशाचा अंतिम सामना, आणि सकाळी तास. बटलरची पाच तत्त्वं आहेत. नम्रता, तळमळ, एकजूट, सेवाभाव आणि कृतज्ञता. ती नुसती भिंतीवर लिहिण्यापुरती नसावीत.

सामना रात्री नवानंतर सुरू झाला. तेव्हा आपल्याकडे मंगळवारची सकाळ झाली होती. साडेसहा वाजून गेले होते. मध्यंतराला ड्यूक ३३, बटलर ३२. हसं व्हायचं भय तिथेच संपलं. नंतरही कधी हे पुढे, कधी ते. शेवटचं अर्धं मिनिट उरलं, तेव्हा ड्यूक ६०, बटलर ५९. चेंडू बटलरकडे.

चेंडू गॉर्डन हेवर्डच्या हातात आला. हा इथलाच, शेजारच्या ब्राउन्सबर्ग गावचा, वय वर्षं वीस. समोर ड्यूकचा सात फूट एक इंच उंचीचा ब्रायन झूबेक हात वर करून उभा. हेवर्डनं मागे झुकत चेंडू फेकला. रिंगला लागून बाहेर! तो झूबेकनं पकडला. त्याला फ्री थ्रो मिळाले. एक त्यानं टाकला, ६१-५९. दुसरा मुद्दाम चुकवला, म्हणजे घड्याळ चालू राहावं.

उरले तीन सेकंद आणि वर थोडंसं. हेवर्डनं चेंडू घेतला, धावला आणि मैदानाच्या जवळजवळ मध्यावरून फेकून दिला. चेंडू हवेत उंच गेला. सत्तर हजार माणसांचा श्वास अडकला. चेंडू आधी बोर्डावर आदळला, मग रिंगवर...

आणि बाहेर पडला.

मी हे चित्रीकरण आमच्या वर्गात दाखवलं, तेव्हा पोरं ‘आऽऽऽ’ करून ओरडली. मग सगळे गप्प. शेवटच्या बाकावरचा एक जण रागावून म्हणाला, “बाई, हरलेच ना शेवटी? मग एवढी गोष्ट सांगितली कशाला?”

प्रश्न बरोबर होता. मला लगेच उत्तर सुचेना. मी म्हटलं, “पुढचंही ऐक. पुढच्या वर्षी, २०११ साली, बटलर पुन्हा अंतिम सामन्यात पोचलं. आणि कनेक्टिकटकडून ४१-५३ असं हरलं. या वेळी तर फारच वाईट खेळले. ६४ वेळा चेंडू मारला, त्यातला १२ वेळाच आत गेला.”

“म्हणजे दोनदा हरले!” तो आणखीच वैतागला.

तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण बाई, लिंबूटिंबू तर हरतच नसतो. त्याच्यावर राज्यच नसतं. हे हरले, म्हणजे ते खरंच खेळत होते ना!”

मित्रांनो, मला जे सुचलं नव्हतं ते तिनं सांगितलं. शेवटच्या सेकंदाला तो चेंडू हवेत होता, तेव्हा ड्यूकच्या एकाही पाठीराख्याला बटलर लिंबूटिंबू वाटलं नसेल. ड्यूकची मुलं काही वाईट नव्हती बरं का! त्यांनीही मेहनत केली होती आणि त्या रात्री त्यांचा विजय खरा होता. पण तो खरा ठरला, कारण समोरून कुणीतरी खरोखर खेळलं होतं.

हिंकल फील्डहाऊस अजून तिथेच आहे. २०२१ साली करोनामुळे ही राष्ट्रीय स्पर्धा सगळीच्या सगळी इंडियानात, बरीचशी इंडियानापोलिसमध्येच, भरवली. तेव्हा तिचे काही सामने त्या जुन्या खेळगृहातही झाले. उंच खिडक्यांतून ऊन तसंच आत येत होतं.

आता तुमच्यासाठी दोन कामं. पहिलं, उद्या खेळताना कुणी धाकटा ‘मला पण घ्या’ म्हणाला, तर त्याला एकदा विचारा, “लिंबूटिंबू होतोस, की राज्य घेशील?” निर्णय त्याला करू द्या.

दुसरं, तुमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची रिंग असेल, तर टेप घेऊन तिची उंची मोजा. ती दहा फूट भरायला हवी. भरली नाही, तर सरांच्या मागे लागून नीट बसवून घ्या. सामन्याच्या आधी हे काम झालेलं बरं!